सावलीला ठेवलेला पिंजरा

डॉ. रघुनाथराव झरीकर यांची आणि माझी पहिली ओळख माझ्याच पापण्यांनी करून दिली. ऐकायला विचित्र वाटेल, पण झालं ते असंच. गोष्ट निजामाच्या अमदानीतली. मी परभणीहून मॅट्रिक होऊन पाथरीला घरी बसलो होतो आणि वडिलांच्या समोर यायचं टाळत होतो. पिंगळी स्टेशनाजवळ हिवतापाचं एक सरकारी केंद्र निघालं आहे आणि तिथे खुर्दबिनीत बघायला माणूस हवा आहे, असं कुणीतरी सांगितलं. खुर्दबीन म्हणजे सूक्ष्मदर्शक. तेव्हा कचेरीत हाच शब्द होता. मी जन्मात ती वस्तू पाहिली नव्हती, पण नोकरीची गरज असलेल्या माणसाने असल्या बारीकसारीक गोष्टींची वाच्यता करायची नसते.

डॉक्टरांनी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "आत बघा, आणि जे दिसेल ते या कागदावर काढा." मी डोळा भिंगाला अगदी चिकटवला आणि मोठ्या झोकात काळ्या, वाकड्या रेघा काढून दिल्या. डॉक्टरांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. मग शांतपणे म्हणाले, "हे तुमच्या पापणीचे केस आहेत. डोळा एवढा टेकवायचा नसतो." मला परतीची गाडी दिसायला लागली. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण जे दिसलं तेच काढलंत. मला काय हवं असेल याचा अंदाज बांधून नाही काढलंत. उद्यापासून या." या एका वाक्यावर मी त्यांच्याकडे लागलो, आणि माणूस म्हणून ते कसे आहेत हे सांगायला मला आजही दुसरं वाक्य सुचत नाही.

डॉक्टरसाहेबांना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या संपादकांनी मला बजावलं आहे, की डॉक्टरांच्या कार्यावर लिहा, पण फार लांबवू नका. पहिलं जमेल. दुसऱ्याची हमी मी देत नाही.

त्यांचं काम काय होतं, हे आधी सांगायला हवं, कारण पिंगळीच्या लोकांनाही ते शेवटपर्यंत धड कळलं नव्हतं. ते केंद्राला 'डासाचा गोठा' म्हणत. हिवताप आला की कोयनेल, म्हणजे क्विनाईन, द्यायचं, घाम येऊन ताप उतरतो, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण ताप उतरलेल्या माणसाच्या रक्तात पुढे कित्येक दिवस रोगाचे जंतू चंद्रकोरीच्या आकारात फिरत राहतात. माणूस धडधाकट दिसतो, शेतात जातो, पोटभर जेवतो. त्याला चावलेला डास मात्र त्या चंद्रकोरी घेऊन जातो, त्या डासाच्या पोटात वाढतात, आणि मग तो डास ज्याला चावेल त्याला ताप. कोयनेल या चंद्रकोरींना काही करत नाही. डॉक्टरांचं म्हणणं असं, की रोगी बरा करणं हे अर्धंच काम आहे. त्याच्यापासून डासाला लागण होऊ न देणारं औषध सापडलं, तर गावातली साखळी तिथेच तुटेल. अशी निरनिराळी औषधं त्यांच्याकडे हैदराबादेहून येत, आणि त्यांची चाळणी आमच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत लागे.

चाळणीची रीत अशी. रक्तात चंद्रकोरी असलेले लोक शोधायचे. ताप येऊन गेलेला असल्यामुळे कोयनेल सगळ्यांनाच मिळालेलं असे. त्यातल्या काहींना वर तपासायचं औषध द्यायचं, काहींना नाही. मग अंड्यापासून आमच्याकडे वाढवलेले, कधीच कुणाला न चावलेले डास मलमलच्या पिंजऱ्यात घेऊन एकेकाच्या दंडाला तो पिंजरा लावायचा. डास पोटभर रक्त पीत. आठ-दहा दिवसांनी त्यांचं पोट सुईच्या टोकाने उघडून खुर्दबिनीखाली बघायचं. जठराच्या बाहेरच्या अंगाला बारीक गोल फोड दिसले, तर लागण झाली. जठर स्वच्छ निघालं, तर औषधाने काम केलं. कोणतं औषध कोणतं हे सगळ्यांना कळावं म्हणून डॉक्टर बाटल्यांच्या गळ्यात रंगीत दोरे बांधत. लाल दोरा, हिरवा दोरा, पांढरा दोरा.

डासांचा सांभाळ पिंगळीच्या सोनाबाई करत. तीस-पस्तिशीच्या, घरची थोडी जमीन, नवरा शेतात. थोरला मुलगा हिवतापानं गेलेला. केंद्रावर डासाची चाकरी करणारी बाई म्हणून गावात त्यांना लय बोलणी बसत, पण त्या कुणाला जुमानत नसत. परातीतल्या अळ्यांना चिमटीनं ज्वारीचं पीठ टाकायचं, पिंजऱ्यातल्या डासांना भिजवलेल्या मनुका घालायच्या, उन्हाळ्यात पिंजऱ्यांवर ओलं पोतं टाकायचं, ही त्यांची कामं. डासाला मनुका मिळतात हे ऐकून गावातल्या एका म्हाताऱ्याने डॉक्टरांना विचारलं होतं, "सायेब, मलाबी डास करून ठिवता का?" डॉक्टर त्यावर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मनुकांची एक मूठ म्हाताऱ्याला मिळाली, हेही सांगायला हवं.

सोनाबाई पिंजरे माणसांच्या नावांनी ओळखत. हा केरबाचा, हा सखूचा, हा डॉक्टर साहेबांचा. डासांना अंडी घालायला रक्त लागतं, म्हणून वंशवाढीच्या पिंजऱ्याला डॉक्टर स्वतःचा दंड देत. हातावर पुरळ उठलेलं असे आणि ते बैठकीत मोठ्या साहेबांपुढे खाजवत बसत. मी एकदा म्हणालो, "दंड माझाही आहे की." तर म्हणाले, "तुमचं लग्न व्हायचंय. मुलीकडच्यांनी हात बघितला तर काय सांगाल?"

आता लग्नाचा विषय निघालाच आहे तर तेही उरकतो. माझ्या लग्नाला डॉक्टर पाथरीला आले. पंगत बसायच्या बेतात होती. सगळे त्यांना मानाच्या पाटावर बोलावतात, आणि हे परसात रांजणात डोकं घालून उभे. रांजणात अळ्या होत्या. त्यांनी कुणाला न विचारता तो भरलेला रांजण जमिनीवर ओतून दिला. भर लग्नात पाणी सांडलं म्हणून माझ्या सासरेबुवांचा चेहरा पडला, बायका कुजबुजायला लागल्या, मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टरांनी कोट काढून खुंटीला टांगला, बाह्या सारल्या आणि विहिरीवरून स्वतः पाणी शेंदून रांजण काठोकाठ भरला. पंगत तोवर थांबली. सासरेबुवा पुढे आयुष्यभर त्यांची गोष्ट निघाली की "तो पाणक्या डाक्टर" म्हणत, आणि म्हणताना त्यांचा आवाज मऊ होई.

तर आता मुद्द्यावर येतो. केंद्र काही कायमचं नव्हतं. वर्षावर्षाची मंजुरी. वर बसलेल्यांना वाटायचं, डासांना मनुका चारून काय निष्पन्न होणार? त्या वर्षी निरोप आला, की या मोसमात ठोस काही हाती लागलं नाही तर केंद्र बंद. डॉक्टरांनी परभणीतला चांगला चालणारा दवाखाना सोडून हे काम अंगावर घेतलं होतं. घरच्यांनी, सासुरवाडीने, स्नेह्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. केंद्र बंद होणं म्हणजे त्यांच्या उभ्या आयुष्याचा डाव मोडणं, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. ते स्वतः त्यावर अवाक्षर बोलत नसत.

फाल्गुन-चैत्रात आम्ही लाल दोऱ्याचं औषध घेतलं. नदीच्या डोहांत त्या दिवसांत डास होतातच, रक्तात चंद्रकोरी असलेले लोकही मिळाले. ज्वारीची सुगी चालू. केंद्रावर येऊन राहा म्हटलं तर कोण राहणार? म्हणून गोळ्या घरी दिल्या आणि ठरल्या दिवशी दंड द्यायला या म्हणून सांगितलं. लोक आले. पुढे डासांची पोटं उघडली, आणि काय सांगू, लाल दोऱ्याच्या एकूण एक पिंजऱ्यातले डास स्वच्छ. गोळी न मिळालेल्यांच्या पिंजऱ्यांत मात्र फोडच फोड. मी खुर्दबिनीवरून उठून दारात गेलो आणि रुळांकडे बघत उगीचच हसत राहिलो.

अहवाल हैदराबादला गेला. उत्तर इतक्या लवकर आलं की आमचा विश्वास बसेना. केंद्र कायम होणार, पक्की इमारत होणार, लाल दोऱ्याच्या गोळ्या पाऊस सुरू होण्याआधी तालुक्यातालुक्यात वाटायच्या. आम्ही पेढे वाटले. स्टेशनमास्तरांनी चार पेढे खाल्ले आणि पाचवा रुमालात बांधून घरी नेला. त्या दिवशी डॉक्टरांनी दुपारची झोप घेतली, आणि त्यांना दुपारी झोपलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग राणीसावरगावचे मारोतराव आले. हे लाल दोऱ्याच्या गोळ्या दिलेल्यांपैकी. पिंगळीला बहीण दिलेली, म्हणून येणं-जाणं. हातात वाणवळा म्हणून हरभऱ्याची डाळ. बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "सायेब, अजून थोड्या गोळ्या द्या की. लय गुणाच्या हायत."

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला पुन्हा ताप आला का?"

"मला न्हाई. बैलाला."

मारोतराव भोळेपणानं सांगत होते, "तवा बैलाला ताप हुता बगा. वैरण सोडली तेनं. मी तर ठणठणीत हुतो. मनलं, बऱ्या माणसानं गोळी कामून खावी? दिल्या बैलाला गुळात घालून. दोन दिसांत उभा राह्यला."

दुसरा कुणी असता तर संतापला असता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "बैल आता बरा आहे ना?"

"एक नंबर हाय."

"छान," डॉक्टर म्हणाले. मारोतराव गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला अजून काही उमगलेलं नव्हतं. मी मनात बैलावर हसत होतो. ते म्हणाले, "मारोतरावांनी एकही गोळी खाल्ली नाही. मग त्यांच्या पिंजऱ्यातले डास स्वच्छ कसे निघाले?"

माझं हसू तिथंच विरलं.

आम्ही पिंजऱ्यांच्या खोलीत गेलो. दुपार टळटळीत होती. डॉक्टर दारात उभे राहून नुसतं बघत राहिले. पश्चिमेच्या भिंतीला पत्रा लागलेला, त्याला हात लावला तर चटका बसत होता. तिथे एक फळी होती. आतल्या बाजूला, मातीच्या भिंतीशी, पाण्याच्या रांजणाजवळ दुसरी फळी. तिथे बऱ्यापैकी गारवा. त्यांनी सोनाबाईंना हाक मारली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "सोनाबाई, चैत्रात या गार फळीवर कुणाकुणाचे पिंजरे ठेवले होते?"

"तुमचा," सोनाबाई म्हणाल्या, "आन् जेनला गोळी न्हाई तेंचे."

"का बरं?"

"आता कामून म्हंजे काय सायेब?" सोनाबाईंना प्रश्नच कळेना. "गोळीवाल्याला गोळीचा आधार हाय. ह्यांच्या वाट्याला कायच न्हाई. तेंचं रगत हाय पिंजऱ्यात. तेंचं रगत उन्हात तळमळायलं तर माणसाला बाधंल का न्हाई? म्हून म्या ते सावलीला ठिवले. वरून पोतंबी दोनदा वलं करायचे."

आमच्या भागात पडलेला दात, कापलेले केस, बाळाची नाळ कुणी कुठेही टाकत नाही. शरीरातून निघालेलं शरीराशी बांधलेलंच असतं, ही समजूत. सोनाबाईंनी ती डासाच्या पोटातल्या रक्तालाही लावली होती, आणि ज्यांना औषध नव्हतं त्यांच्यासाठी आपल्या परीनं औषध केलं होतं. आणि उन्हाची गोष्ट अशी, की फार उष्णता झाली की डास ओल्या पोत्याखाली कसाबसा जगतो, पण त्याच्या पोटातले जंतू वाढत नाहीत. म्हणजे लाल दोऱ्याच्या पिंजऱ्यांत जे काम झालं ते गोळीनं केलं की चैत्राच्या उन्हानं, हे सांगायची सोयच उरली नव्हती. मारोतरावांच्या पिंजऱ्यापुरतं तर ते उन्हानंच केलं होतं.

सोनाबाईंना काहीतरी चुकलं एवढं कळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "तुमचं काही चुकलेलं नाही. पिंजरे कुठे ठेवायचे हे मी कधी सांगितलंच नाही. गोळ्या घरी दिल्या त्याही मीच." एवढं बोलून ते टोपी घ्यायला गेले.

मी त्यांच्या मागे गेलो आणि वाद घातला. त्या वेळी मला माझं म्हणणं अगदी व्यवहाराचं वाटत होतं. म्हटलं, मंजुरी आली आहे, इमारत येणार आहे, गोळी कदाचित खरंच चांगली असेल, आपण पावसाळ्यात गुपचूप चाचणी पुन्हा करू, आणि मग काय ते कळवू. डॉक्टर चपला घालत होते. म्हणाले, "तोवर गोळ्या गावोगाव पोचतील. लोक घेतील आणि निर्धास्त होतील. पावसाळ्यात त्यांची पोरं तापाने फणफणली की मी काय सांगू, माझी इमारत व्हायची होती म्हणून?" पुढच्या गाडीने ते हैदराबादला गेले. मी फलाटावर उभा होतो. आता सगळं संपलं, असंच मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही आला होता.

हैदराबादेत काय झालं ते त्यांनी पुढे पुष्कळ दिवसांनी सांगितलं. खात्याचे मोठे साहेब सज्जन होते, पण चकित झाले. म्हणाले, "डॉक्टरसाब, अच्छी खबर बी कोई वापस लेता क्या?" बाजूला बसलेल्या एका अधिकाऱ्याने वाट काढून दिली, की एका अडाणी बाईने पिंजरे हलवले असं लिहून द्या, तुमच्यावर काही येणार नाही. डॉक्टरांनी ते लिहायला नकार दिला. "केंद्र माझं, चूक माझी," एवढंच ते म्हणाले. मोठे साहेब बराच वेळ पानदानाशी चाळा करत राहिले. मग त्यांनी इमारत रद्द केली, कायम करण्याचा हुकूम रद्द केला आणि दिवाळीपर्यंतची मुदत दिली. खोटं बोलायला इतकी सोपी सोय करून दिलेली असताना जो माणूस ती घेत नाही, त्याला आणखी एक मोसम द्यायला काय हरकत आहे, असं त्यांनी म्हणे त्या अधिकाऱ्याला ऐकवलं.

परत आल्यावर डॉक्टरांनी सगळी रीतच बदलली. पश्चिमेची फळी काढली. सगळे पिंजरे खोलीच्या मधोमध एका ओळीत, आणि रोज सकाळी त्यांच्या जागा फिरवायच्या. गोळी समोर गिळायची, वर पाणी प्यायचं आणि तोंड उघडून दाखवायचं. पावसाळ्यात ताप येऊन गेलेले मारोतराव पुन्हा आले होते. त्यांनी आ वासून दाखवलं आणि म्हणाले, "ह्या टायमाला बैल घरीच ठिवलाय."

सगळ्यात अवघड गोष्ट पिंजऱ्यांच्या नावांची. डॉक्टर म्हणाले, पिंजऱ्यांना आता नावं नाहीत, फक्त खुणा. कुणाची खूण कोणती हे त्यांनी एकट्या माझ्याकडे सोपवलं, आणि डासांची पोटं उघडून बघणार ते स्वतः. सोनाबाई रुसल्या. "नावाबिगर कसं वळखायचं? बिनानावाचं लेकरू सांभाळल्यावानी वाटतंय."

डॉक्टर त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "सोनाबाई, कुणाचा पिंजरा कोणता हे कळलं की तुमचा जीव तिकडे ओढ घेतो. माझाही घेतो. लाल दोऱ्याचा डास समोर आला की मला तो स्वच्छच निघावा असं वाटायला लागतं, आणि मग डोळा फसतो. म्हणून तुम्हालाही नको आणि मलाही नको." सोनाबाई म्हणाल्या, "मंग समद्यांलाच सारखी सावली देते." डॉक्टर म्हणाले, "मला तेवढंच हवंय." मी पुढे मोठमोठ्या संस्थांतून तपासणीच्या शिस्तीवर भाषणं ऐकली, पण ती शिस्त इतक्या थोड्या शब्दांत मी दुसऱ्या कुणाकडून ऐकली नाही.

पाऊस सरला, ताप वाढला, रक्तात चंद्रकोरी असलेले लोक मिळत गेले. या खेपेला लाल दोरा आणि हिरवा दोरा दोन्ही होते. हिरव्या दोऱ्याचं औषध कडक, जास्त झालं तर ओठ निळे पडायचे, म्हणून डॉक्टरांनी ते अगदी थोड्या मात्रेत घ्यायचं ठरवलं होतं. एवढ्याशा मात्रेने काय होणार, असं मला वाटत होतं.

डास उघडायचे दिवस आले. सकाळच्या उजेडात खिडकीशी खुर्दबीन. डॉक्टर बघणार, मोठ्याने सांगणार, आणि मी मागे उभा. मला माहीत होतं कुणाचा पिंजरा कोणता, आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नव्हतं. माझ्या आयुष्यात इतकं कठीण काम मला कुणी दिलेलं नाही. "फोड आहेत," डॉक्टर म्हणत. तो लाल दोरा. "फोड आहेत." पुन्हा लाल. जे औषध आम्ही तालुक्यातालुक्यात वाटणार होतो, ते माझ्या डोळ्यांदेखत एकेका डासागणिक पडत होतं, आणि डॉक्टरांना ते अजून ठाऊक नव्हतं. मला फलाटावरचा माझा राग आठवला. आम्ही गप्प बसलो असतो तर हेच औषध घेऊन या दिवसांत किती घरांत लोक निर्धास्त झोपले असते!

मग एक पिंजरा आला. डॉक्टरांनी पाहिलं, भिंग सारखं केलं, पुन्हा पाहिलं. "स्वच्छ." पुढचा डास. "स्वच्छ." पुढचा. "हाही स्वच्छ." त्यांनी वर पाहिलं नाही. दुसऱ्या खुणेचा पिंजरा, तोही स्वच्छ. तिसरा स्वच्छ. दारात सोनाबाई ओले हात पदराला पुसत उभ्या होत्या. "कुणाचा हाय? कुणाचा हाय?" त्या हळूच मला विचारायच्या आणि मी मान हलवायचो. शेवटचा डास झाला. डॉक्टरांनी स्टूल मागे सरकवलं आणि म्हणाले, "आता सांगा."

मी म्हणालो, "स्वच्छ सगळे हिरवे. लाल आणि बिनगोळीचे दोन्ही फोडांचे. आणि पहिला स्वच्छ पिंजरा मारोतरावांचा."

डॉक्टर उठून सोनाबाईंपाशी गेले आणि त्यांना हात जोडून म्हणाले, "तुम्ही सगळ्यांना सारखी सावली दिलीत, म्हणून हे कळलं." सोनाबाई रडायला लागल्या. मीही रडलो. डॉक्टर तेवढे रडले नाहीत. ते म्हणाले, "चहा टाका कुणीतरी," आणि रुमाल शोधत बाहेर गेले. त्यामुळे ते रडले नाहीत हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

केंद्र राहिलं. पक्की इमारत कधीच झाली नाही. पुढच्या मोसमाआधी पिंगळी आणि आसपासच्या वस्त्यांत चंद्रकोरी सापडलेल्या प्रत्येकाला हिरव्या दोऱ्याची गोळी समोर उभं राहून दिली गेली. ताप त्याने नाहीसा झाला असं मी म्हणणार नाही. डॉक्टर हे वाचतील, आणि त्यांना ते चालणार नाही. पण त्या पावसाळ्यात सोनाबाईंच्या धाकट्याला ताप आला नाही, आणि शाळेच्या पटावरची मुलं शाळेत दिसायला लागली, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे संस्थान गेलं, फवारणी आली, नवी औषधं आली. डॉक्टर त्या प्रत्येक नव्या औषधाचं मनापासून स्वागत करत, आणि मग विचारत, "पिंजरे कुठे ठेवले होते?"

हा लेख लिहायला बसण्याआधी मी पिंगळीला जाऊन आलो. सोनाबाई आता थकल्या आहेत, दिसतं कमी, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. म्हटलं, डॉक्टरांना पंच्याहत्तर झाली, ग्रंथ निघतोय, तुमच्या वतीने काय लिहू? त्यांनी विचारलं, "बरे हायत ना?" मी म्हटलं, बरे आहेत, गुडघे दुखतात, साखर कमी करा म्हटलं तर ऐकत नाहीत. सोनाबाई हसल्या. मग मला हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे मातीच्या भिंतीशी, पाण्याच्या रांजणाजवळ, मलमल विरून गेलेला एक रिकामा पिंजरा होता. केंद्र उठलं तेव्हा सगळं सामान लिलावात निघालं. त्यातून त्यांनी हा एकच मागून घेतला होता. डॉक्टरांचा.

इतर सगळी मंडळी डॉक्टरसाहेबांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य चिंततील, आणि मीही त्यांच्याबरोबर हात जोडून तेच चिंततो. पण सोनाबाईंचा निरोप त्यांच्याच शब्दांत पोचवणं माझं काम आहे. त्या म्हणाल्या, "सायबाला लिवा, तुमी काळजी करू नका. तुमचा पिंजरा म्या आजूनबी सावलीला ठिवलाय."